तुटलेल्या पट्ट्याचा पुरावा : इंजिनाचा पट्टा वारंवार का तुटतो, या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

वाहनाच्या इंजिनावरील पट्टा काही वर्षांच्या वापरानंतर तुटला तर ती झीज होय. तिचे स्पष्टीकरण सहसा कोणी मागत नाही. परंतु नवा घातलेला पट्टा दोन महिन्यांत तुटावा आणि त्याच्या जागी आलेला दुसराही तसाच जावा, तेव्हा प्रश्न निर्माण होतो. हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारला जातो आणि बहुधा तेथेच विरतो. पट्टा हलका निघाला, दुसऱ्या कंपनीचा घ्या, असे सांगून तिसरा पट्टा चढविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा विषयात का शिरावे, असे सहकारी प्राध्यापकांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, हा प्रश्न ज्या रीतीने विचारला जातो ती रीत इतिहासाने घडविलेली आहे. चामडी पट्ट्याच्या काळात तुटणे हा नित्यक्रम होता, म्हणून प्रत्येक तुटण्यामागे स्वतंत्र कारण शोधण्याची गरज भासत नसे. पट्टा टिकाऊ झाला तेव्हा त्याचे अकाली तुटणे ही घटना ठरली, आणि घटनेला कारण लागते.

तुटलेला पट्टा हे एक साधन आहे. ताम्रपट किंवा मोडी कागद ज्या अर्थाने साधन असतो त्याच अर्थाने. त्यावर खुणा असतात आणि त्या वाचाव्या लागतात. मात्र पट्ट्याचा टिकाऊपणा जसजसा वाढत गेला, तसतसा त्याने मागे ठेवलेला पुरावा अधिकाधिक दुर्बोध होत गेला, असे गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासावरून दिसते. या विसंगतीचा मागोवा पुढे घेतला आहे. गिरणीत ज्याला ‘पट्टा’ म्हणत त्यालाच गॅरेजमध्ये ‘बेल्ट’ म्हणतात. लेखात दोन्ही शब्द प्रसंगानुसार आले आहेत.

गिरणीतील चामडी पट्टा

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि मुंबईच्या गिरणी उद्योगाचा पाया घातला गेला. या इतिहासात भांडवल, मजूर, संप आणि चाळी यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने वाफेच्या इंजिनापासून मागापर्यंत शक्ती कशी पोहोचत असे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. इंजिनाचे प्रचंड चाक फिरे, त्यावरून दोरांनी किंवा पट्ट्यांनी मजल्यामजल्यावरील लांब दंड फिरत, आणि छताजवळील त्या दंडावरून एकेका यंत्राकडे चामडी पट्टा उतरे. या दंडाला ‘लाइन शाफ्ट’ म्हणत. यंत्राजवळ दोन पुल्या शेजारी शेजारी असत. एक दंडाशी घट्ट बसविलेली, दुसरी सैल फिरणारी. पट्टा सैल पुलीवर सरकविला की यंत्र थांबे, घट्ट पुलीवर आणला की चालू होई. संपूर्ण कारखाना एका इंजिनाला अशा शेकडो पट्ट्यांनी बांधलेला असे.

चामडे हे जिवंत कातडीचे द्रव्य; हवेतील ओलाव्याने ते सैलावते, कोरड्या हवेत आखडते. सूत तुटू नये म्हणून गिरणीतील हवा दमट ठेवावी लागे, आणि तीच दमट हवा पट्ट्याला बाधे. त्यात कापसाचे तंतू व धूळ पुलीवर साचत. सैल पडलेला पट्टा घसरू लागला की त्यावर राळ टाकण्याचा उपाय होता. त्याने काही काळ पकड मिळे, पण पुढे राळेचा थर घट्ट होऊन पट्टा अधिकच गुळगुळीत होई. मग पट्टा उतरवून त्याचा तुकडा कापून टाकायचा आणि दोन टोके चामड्याच्या वादीने पुन्हा शिवायची. हे काम सतत चाले. पट्टा तुटला तर तो जोडणारा मनुष्य हाताशी असे, आणि पट्ट्याच्या खुणा वाचण्याचे ज्ञान त्याच्याच हातात असे. कड झिजली तर दंड तिरका, मध्यभाग चकाकला तर पट्टा सैल, जोडाजवळ फाटला तर शिवण चुकीची.

या ज्ञानामागील गणित तोपर्यंत युरोपात मांडले गेले होते. लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात आणि योहान आयटेलवाइन यांनी १८०८ मध्ये दोर व पट्ट्याच्या घर्षणाचा नियम सिद्ध केला. पट्टा पुलीला जितका अधिक वेढा घालतो आणि घर्षण जितके अधिक, तितका त्याच्या घट्ट व सैल बाजूंच्या ताणांमधील फरक मोठा असू शकतो. ती मर्यादा ओलांडली की पट्टा घसरतो. सैल पट्टा घसरून तापतो आणि जळतो. अति घट्ट पट्टा घसरत नाही, पण त्याचा सारा ताण बेअरिंगवर येतो. निदानाची ही दोन टोके आजही बदललेली नाहीत.

टेलर यांचे नऊ वर्षांचे टिपण

पट्टा वारंवार का तुटतो हा प्रश्न प्रथम पद्धतशीरपणे विचारणाऱ्यांत फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचे नाव घ्यावे लागते. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून टेलर हे घड्याळ लावून मजुरांच्या हालचाली मोजणारे गृहस्थ म्हणून आपल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. ते पट्ट्यांचेही अभ्यासक होते, ही बाब त्या पाठ्यपुस्तकांत बहुधा येत नाही. फिलाडेल्फिया येथील मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्यांनी नऊ वर्षे पट्ट्यांची नोंद ठेवली आणि १८९३ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे ‘नोट्स ऑन बेल्टिंग’ हा निबंध वाचला.

टेलर यांच्यापूर्वीचा प्रघात असा की, पट्टा घसरू लागला किंवा तुटला म्हणजे तो दुरुस्त करायचा. टेलर यांनी प्रत्येक पट्ट्याचा ताण स्प्रिंगच्या तराजूने मोजून बसविण्याची आणि ठरावीक मुदतीने, पट्टा तक्रार करो वा न करो, पुन्हा मोजण्याची पद्धत घातली. पट्ट्याच्या किमतीपेक्षा पट्टा तुटल्याने थांबलेल्या कामाची किंमत अधिक असते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. प्रचलित हिशेबापेक्षा कमी भार टाकलेला, जाड आणि वेळच्या वेळी मोजलेला पट्टा दीर्घकाळात स्वस्त पडतो, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या ‘शॉप मॅनेजमेंट’ (१९०३) या प्रसिद्ध लेखनातही पट्ट्यांच्या देखभालीचा विषय पुन्हा येतो, आणि त्यांचे सहकारी कार्ल बार्थ यांनी १९०९ मध्ये हेच काम गणिती अंगाने पुढे नेले.

टेलर यांच्या कार्याविषयी श्रमाच्या इतिहासकारांनी घेतलेले आक्षेप प्रस्तुत लेखकास बव्हंशी मान्य आहेत. तरीही पट्ट्याच्या बाबतीत त्यांनी केलेला बदल मूलगामी होता. त्यांनी प्रश्नाची जागा बदलली. पट्ट्यात काय दोष आहे, असे न विचारता पट्ट्यावर काय लादले गेले आणि ते केव्हापासून, असे विचारावयास लावले. त्यासाठी त्यांना नोंदवही लागली. या नोंदवहीने एक हानीही केली. जे ज्ञान पट्टा जोडणाऱ्याच्या बोटांत होते ते कार्यालयाच्या कागदावर गेले. पट्ट्याला क्रमांक मिळाला, माणसाला मिळाला नाही.

नाव नोंदविण्याची सक्ती

पट्टा जोडणाऱ्या माणसाचे नाव लिहून ठेवा, असे भारतात कायद्याने सांगितले, पण अगदी वेगळ्या कारणाने. फिरत्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही अडकून हात, प्रसंगी प्राण जाण्याचा धोका असे. १८८१ च्या पहिल्या भारतीय कारखाने कायद्यातच धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालण्याची तरतूद आली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये ती अधिक तपशिलाने मांडली गेली. चालू यंत्राचा पट्टा चढविण्याचे, उतरविण्याचे काम खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच करावे; त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत; ते कपडे मालकाने पुरवावेत; आणि त्या कामगाराचे नाव विहित नोंदवहीत लिहिलेले असावे, अशी ती तरतूद होती.

याच कलमात फिरत्या पुलीवरील पट्ट्याला हात लावण्याच्या अटी दिल्या होत्या. पट्टा १५ सेंटीमीटरपेक्षा रुंद नसावा. त्याचा जोड वादीने शिवलेला किंवा पृष्ठभागाशी सपाट असावा. पट्टा, जोड आणि पुलीची कड सुस्थितीत असावी. पुली व आजूबाजूच्या भागांत पुरेशी मोकळीक असावी. कामगाराला पाय रोवण्यास सुरक्षित जागा असावी. कलम २४ प्रमाणे वापरात नसलेला पट्टा फिरत्या दंडावर टेकून ठेवण्यास मनाई होती. कायदेपंडित या तरतुदी कामगारांच्या सुरक्षिततेच्या म्हणून वाचतील आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पट्टा तुटण्याच्या कारणांची यादी म्हणूनही वाचता येतात. खराब जोड, झिजलेली पुलीची कड, अपुरी मोकळीक आणि घासत राहिलेला पट्टा ही सर्व कारणे कायद्याच्या भाषेत तेथे हजर आहेत. मुंबईच्या गिरण्यांतील अशा नोंदवह्या कोठे शिल्लक असतील, तर श्रमाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या मिळविण्याचा प्रयत्न अवश्य करावा, असे वाटते.

तोवर गिरणीतील पट्टा मागे पडू लागला होता. १९१५ मध्ये खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. प्रारंभी एका विद्युत मोटारीवर यंत्रांचा गट चालवीत आणि पट्टे कायम राहत. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार आली. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र पट्टा दीर्घकाळ टिकला. ऑइल इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी, गुऱ्हाळाचा चरक, विहिरीवरील पंप ही सारी पट्ट्याचीच यंत्रे होती. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. या इंजिनांच्या प्रसाराबरोबर पट्ट्याचे व्यावहारिक ज्ञान गावोगावी पोहोचले आणि त्याच गावांतून पुढे वाहनांचे मेकॅनिक निघाले, असे मानण्यास पुरेशी जागा आहे.

गिरणीतून रस्त्यावर

मोटारगाडीचा जन्मच गिरणीच्या पट्ट्यातून झाला. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात इंजिनाची शक्ती सपाट पट्ट्याने मधल्या दंडाकडे आणि तेथून साखळ्यांनी मागील चाकांकडे जात असे. हा पट्टा सैल पुलीवरून घट्ट पुलीवर सरकविला की गाडी पुढे निघे. मागाला चालू-बंद करणारी योजनाच येथे चाकांवर बसविलेली दिसते. पुढे गिअरपेट्या व दांडे आले आणि चाकांकडे जाणारी शक्ती पट्ट्याच्या हातून गेली. पट्टा उरला तो इंजिनाच्या तोंडाशी, पंखा आणि पाण्याचा पंप फिरविण्यापुरता. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हा पंख्याचा पट्टा सपाटच होता.

या सपाट पट्ट्याच्या जागी १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या गेट्स कंपनीत जॉन गेट्स यांनी रबर व कापडाचा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या छेदाचा पट्टा आणला. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेली रबर पक्के करण्याची प्रक्रिया नसती तर हा पट्टा शक्य नव्हता. व्ही पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो आणि तळाने नव्हे तर दोन्ही बाजूंच्या भिंतींनी शक्ती वाहतो. एवढ्या एका बाबीने निदानाचे स्वरूप पालटले. सपाट पट्ट्यात दोष बहुधा पट्ट्यात किंवा दंडाच्या रेषेत दिसे. व्ही पट्ट्यात पुलीची खाच झिजून रुंद झाली, तर पट्टा खाली जाऊन तळाला टेकतो, त्याच्या बाजूंची पकड सुटते आणि तो घसरून जळतो. अशा पुलीत कितीही चांगला पट्टा घातला तरी तो लवकर जाणारच. ‘पट्टा हलका निघाला’ या निदानाचा ऐतिहासिक उगम प्रस्तुत लेखकाच्या मते येथे आहे. पुली लोखंडाची, म्हणून ती निर्दोष. पट्टा रबराचा, म्हणून तो दोषी.

तरीही व्ही पट्ट्याचा पुरावा वाचण्यास सुलभ होता. बाजूच्या भिंती आरशासारख्या चकाकत असतील तर ताण कमी. पट्टा फुगून मऊ पडला असेल तर कोठून तरी तेल गळते आहे. पट्टा खाचेत उलटा होत असेल, किंवा वरून धड दिसूनही आतील दोरे एका बाजूला तुटलेले असतील, तर तो बसविताना पुलीच्या कडेवरून पहार वा पेचकस घालून चढविला होता. हे शेवटचे कारण फार महत्त्वाचे आहे, कारण तेथे पट्टा बसविणाऱ्याच्या हातूनच त्याचा अंत सुरू झालेला असतो. ट्रकच्या फॅन बेल्टची अशी परीक्षा महामार्गावरील मेकॅनिक उन्हात उभ्याउभ्या करीत, आणि ती बहुधा अचूक असे.

गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये पट्टा पुन्हा चाकांकडे गेला. हॉलंडमधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित गाडी आणली होती. त्याच तत्त्वाचा पट्टा १९८४ पासून कायनेटिक होंडा स्कूटरने आपल्याकडील रस्त्यांवर आणला. येथील पट्टा बंद पेटीत असतो, त्यामुळे तो तुटेपर्यंत दिसत नाही. झिजलेले रोलर, आत शिरलेली धूळ किंवा इंजिनाच्या सीलमधून झिरपलेले तेल ही कारणे पेटी उघडल्याशिवाय कळत नाहीत. पुरावा झाकला जाण्याची ही सुरुवात होय.

दात असलेला पट्टा

इंजिनातील झडपांच्या हालचाली पिस्टनशी जुळवून ठेवण्याचे काम पूर्वी साखळी किंवा दातेरी चाके करीत. १९४० च्या दशकात अमेरिकेत शिवणयंत्रासाठी दात असलेला रबरी पट्टा तयार झाला. बव्हेरियातील ग्लास कंपनीच्या १९६२ च्या ‘१००४’ या गाडीने तो मोठ्या उत्पादनाच्या इंजिनात आणला. तो आवाज करीत नाही, त्याला तेल लागत नाही आणि तो स्वस्त पडतो. आपल्याकडील सामान्य गॅरेजला त्याचा परिचय मुख्यतः १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने करून दिला.

पंख्याचा पट्टा तुटला तर इंजिन तापते आणि चालकाला थोडा अवधी मिळतो. टायमिंग बेल्ट तुटला तर अवधी मिळत नाही. अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या झडपांवर आदळून त्या वाकतात. त्यामुळे येथे तुटण्याची वाट पाहणे परवडत नाही आणि टेलर यांची मुदतीची पद्धत परत येते, ठरावीक किलोमीटरनंतर पट्टा बदला, या स्वरूपात. मात्र टेलर यांच्या मुदतीत मोजमाप होते. या मुदतीत केवळ बदल आहे. नवा पट्टा घालताना जुना ताणक, जुने बेअरिंग आणि गळका पाण्याचा पंप तसाच ठेवला, तर नोंदीत पट्टा नवा दिसतो आणि कारण जुनेच राहते. टायमिंग बेल्ट पुन्हा पुन्हा जाण्याच्या प्रकरणांत प्रथम याच भागांकडे पाहावे लागते.

एकाच पट्ट्यावर सारा संसार

१९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीच्या व्ही-८ इंजिनात अल्टरनेटर, पाण्याचा पंप, पॉवर स्टीअरिंग आणि वातानुकूलन यांसाठी वेगवेगळे पट्टे न ठेवता सर्वांना वेढणारा एकच लांब, पातळ, अनेक खाचांचा पट्टा बसविला गेला. सर्पासारखा वळणे घेत जाणारा हा पट्टा दोन्ही अंगांनी काम करतो, आणि त्याचा ताण स्प्रिंगचा ताणक आपोआप सांभाळतो. जागा वाचली, पट्टा बदलणे सोपे झाले. पण सहा-सात पुल्यांपैकी कोणाही एकीचा दोष आता एकाच पट्ट्यावर उमटू लागला. वातानुकूलनाच्या कंप्रेसरचे बेअरिंग अडले तरी पट्टा जळतो, अल्टरनेटरची पुली अडली तरी तोच तुटतो. लाइन शाफ्टच्या काळात एक पट्टा एका यंत्राचा साक्षीदार होता. येथे एकच साक्षीदार सर्वांविषयी एकाच वेळी बोलतो, आणि त्याचे म्हणणे उलगडावे लागते.

हे उलगडण्याच्या रीती साध्या आहेत. पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवायची. खरखर, अडखळ किंवा डुलणे असेल तर तेथे थांबायचे. सरळ पट्टी पुल्यांच्या तोंडावर धरून त्या एका रेषेत आहेत का, हे पाहायचे. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर सुरक्षित अंतरावरून थोडे पाणी फवारले आणि चिवचिव क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली, तर पुल्यांची रेषा चुकलेली असते. पाण्याने आवाज वाढला तर ताण अपुरा असतो. ताणकाचा दांडा एका जागी स्थिर न राहता फडफडत असेल, तर बहुधा इंजिनाच्या धक्क्यांना शोषणारा कोणता तरी भाग निकामी झालेला असतो. तो भाग म्हणजे मुख्य पुलीतील रबराचा थर असेल, किंवा एकाच दिशेने फिरणारी अल्टरनेटरची पुली. या दोहोंपैकी काहीही न बदलता चार पट्टे बदलले तरी पाचवाही तुटेल.

येथे एक प्रश्न अभियांत्रिकीच्या बाहेरचा आहे. वरील तपासणीस वेळ लागतो, आणि आपल्या गॅरेजच्या बिलात वेळ नावाची ओळ बहुधा नसते. ग्राहक सुट्या भागाचे पैसे विनातक्रार देतो. अर्धा तास नुसते पाहण्याचे पैसे द्यावयास तो तयार नसतो. त्यामुळे मेकॅनिकला पट्टा विकणे परवडते आणि निदान करणे परवडत नाही. त्याला अडाणी किंवा लबाड म्हणणे सोपे आहे, पण ज्ञानाला मोल न देणारी ही रचना त्याने एकट्याने उभारलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला तरुण आणि गॅरेजमध्ये लहानपणापासून राबलेला उस्ताद, दोघेही या एकाच रचनेत काम करतात.

पुरावा मिटतो

१९३० मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले आणि पुढे अनेक दशके वाहनांचे पट्टे त्याचे होते. निओप्रीन म्हातारे झाले की भेगाळते. या भेगा डोळ्यांनी दिसत, मोजता येत, आणि पट्टा बदलण्याची वेळ त्यावरून ठरे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून निर्मात्यांनी ईपीडीएम या रबराचा स्वीकार केला. ते उष्णतेला अधिक टिकते आणि सहसा भेगाळत नाही. त्यातील द्रव्य हळूहळू झिजून खाचा खोल होतात, रस्त्यावरील टायर झिजावा तसे. वरून पट्टा नव्यासारखा दिसतो, पण पुलीवर त्याची पकड राहिलेली नसते. ही झीज ओळखण्यासाठी खाचेची खोली मोजणारे छोटे प्लॅस्टिकचे माप वापरावे लागते.

भेगा मोजण्यास शिकलेल्या पिढीच्या हातात असा पट्टा आला की ‘पट्टा चांगला आहे’ हे निदान ठरलेले. मग आवाजाचा दोष ताणकाला, बॅटरी न भरण्याचा दोष अल्टरनेटरला दिला जातो आणि चांगले भाग बदलले जातात. व्ही पट्ट्याच्या काळी लोखंड निर्दोष आणि रबर दोषी ठरे; येथे चूक उलट दिशेने होते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. साधन बदलले, पण ते वाचण्याची रीत जुन्या साधनाचीच राहिली.

तेलात बुडालेला पट्टा

या इतिहासातील ताजे प्रकरण गेल्या दीड दशकातील आहे. इंधनाची बचत व्हावी म्हणून काही निर्मात्यांनी दात असलेला पट्टा इंजिनाच्या आत, तेलातच चालविण्याची योजना स्वीकारली. फोर्डचे २०१२ चे एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन आणि फ्रान्सच्या पीएसए समूहाचे १.२ लिटरचे प्युअरटेक इंजिन ही त्याची ठळक उदाहरणे होत. चामड्यापासून रबरापर्यंत ज्या तेलाला पट्ट्याचा शत्रू मानले गेले, त्याच तेलात राहू शकेल असे रबर तयार करण्यात आले. परंतु इंजिनातील तेल शुद्ध राहत नाही. थोड्या थोड्या अंतराच्या, इंजिन पुरते तापण्यापूर्वीच संपणाऱ्या फेऱ्यांत पेट्रोलचा अंश तेलात मिसळतो, आणि त्याने रबर फुगते, मऊ पडते, त्याचे कण सुटतात. ते कण तेल शोषणाऱ्या जाळीवर साचून इंजिनाला तेल कमी पडते. पट्टा तुटण्यापूर्वीच इंजिन धोक्यात येते.

डिसेंबर २०२३ मध्ये फोर्डने अमेरिकेत एक लिटर इंजिनाच्या सुमारे १ लाख ४० हजार फोकस व इकोस्पोर्ट गाड्या परत बोलाविल्या. त्यांतील तेलाच्या पंपाच्या पट्ट्याचा ताणक तुटण्याची किंवा पट्ट्याचे दात झडण्याची शक्यता आढळली होती. अमेरिकेत विकली गेलेली इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होत असे, हा तपशील भारतीय वाचकाने लक्षात घेण्याजोगा आहे. पीएसएचा वारसा पुढे चालविणाऱ्या स्टेलांटिस समूहाने २०२३ पासून आपल्या १.२ लिटर इंजिनाच्या नव्या आवृत्तीत साखळी घातली.

या इंजिनांतील पट्ट्याची परीक्षा प्युअरटेकच्या कारागिरांना तेल ओतण्याच्या तोंडातून करावी लागते. झाकण काढून पट्ट्याच्या रुंदीवर एक खाचेचे माप बसते का, ते पाहतात. पट्टा फुगलेला असेल तर माप बसत नाही. माप न बसल्यास पट्टा बदलावा लागतो, परंतु तो पुन्हा फुगू नये यासाठी तेल कोणत्या प्रतीचे घातले होते, ते किती दिवसांनी बदलले गेले आणि गाडी रोज किती अंतर चालते, ही माहिती हवी असते. तेलाची प्रत सर्व्हिसच्या नोंदीत सापडेल, तारीखही सापडेल. रोजच्या फेऱ्यांचे अंतर मात्र गाडी चालविणाऱ्यालाच विचारावे लागते, आणि सर्व्हिस केंद्राच्या छापील अर्जावर त्यासाठी बहुधा रकाना नसतो.